नावानिशी

"चकती काढ," कर्नल म्हणाले.

"नाही काढणार, साहेब," कंपाउंडर म्हणाला.

शेडमधली कुजबुज थांबली. बाहेर भर उन्हात विमान तयार उभं होतं. टेबलावर पत्र्याचा ट्रे होता. तुकडीतल्या सगळ्यांनी आपापले बिल्ले, बायकापोरांचे फोटो आणि गळ्यातल्या नाव कोरलेल्या चकत्या त्यात टाकल्या होत्या. परदेशात गुपचूप निघालेल्या कमांडोंना नाव नसतं आणि देशही नसतो. पकडले गेले तर सरकार हात वर करणार. तसा दंडकच होता.

कंपाउंडर हा तुकडीचा वैद्यकीय जवान. कुणाचं काहीही दुखो, दोन गोळ्या देऊन वाटेला लावतो, म्हणून पोरांनी त्याचं हे बारसं केलं होतं. आजवर त्याने वरिष्ठांना कधी उलट उत्तर दिलं नव्हतं.

"मागच्या खेपेला मुकाट्याने काढलीस. आत्ताच शिंगं फुटली?"

"मागच्या खेपेला बोका होता, साहेब."

बोका त्याचा जिवाभावाचा दोस्त. कुठूनही पडला तरी पायांवरच उभा राहायचा. मागच्या मोहिमेत, परक्या मुलखात, कंपाउंडरच्या मांडीवर त्याने प्राण सोडला. कंपाउंडरने त्याला खांद्यावर घालून डोंगरावरून खाली आणलं. इथे आल्यावर मात्र ठरलं, की सरावाच्या वेळी ट्रकची धडक बसून तो गेला. ती बातमी घेऊन त्याच्या घरी कंपाउंडरलाच धाडलं होतं.

"त्याच्या आईने आधी मला पाणी दिलं," कंपाउंडर म्हणाला. "मग म्हणाली, ट्रकवाल्यालाही लेकरंबाळं असतील, त्याला फार छळू नका. अजून मला फोन करते. विचारते, सुटला का रे तो ड्रायव्हर? मी तिला काय सांगू, साहेब?"

कर्नलनी नजर फिरवली. "रडगाण्यावर मोहिमा चालत नाहीत. कप्तान, याला तुकडीतून काढा."

कप्तान तरुण होता, तुकडीवर नुकताच आलेला. ट्रेमध्ये सगळ्यात आधी चकती त्यानेच टाकली होती. तो ट्रेकडे बघत राहिला. मग हात घालून त्याने स्वतःची चकती शोधली, गळ्यात अडकवली आणि ट्रे जवानांकडे सरकवला.

"आपापली उचला."

"कप्तान, शुद्धीवर आहात ना? नोकरी जाईल."

"जाऊ दे, साहेब. आम्ही जायला तयार आहोत. पण जाऊ ते नावानिशी."

एकेक हात पुढे आला. ट्रेमध्ये फक्त बिल्ले आणि फोटो उरले. कर्नल तणतणत फोनकडे गेले. समुद्रापलीकडच्या एका शहरात आपले इंजिनियर ओलीस धरले गेले होते आणि दुसरी तुकडी आधीच वेगळ्या मोहिमेवर होती. मुख्यालयाचं अडलं होतं. ऊन उतरायला लागलं तेव्हा निरोप आला: जाऊ द्या त्यांना. परतल्यावर कप्तानाची चौकशी होईल, हेही त्याच निरोपात होतं.

विमानाकडे चालताना कंपाउंडरने कप्तानाला गाठलं.

"साहेब, माझ्यापायी तुम्ही कशाला पायावर धोंडा पाडून घेतलात?"

"तुमच्यापायी नाही." कप्तान पाठीवरच्या पिशवीचे पट्टे आवळत होता. "माझे वडील याच तुकडीत होते. सुट्टीच्या दिवशी तलावात बुडाले, असं आम्हाला कळवलं होतं."

दोघं शिडीपाशी पोचले.

कप्तान शिडीच्या पहिल्या पायरीवर थांबला. "आमच्या गावातल्या सगळ्या पोरांना पोहायला त्यांनीच शिकवलं होतं."