एका दिवसाचा खंड

शब्दकोशाच्या कार्यालयात बाई चौदा वर्षं हंगामी होत्या. दर अकरा महिन्यांनी त्यांना एक दिवस घरी बसवत, म्हणजे नोकरी सलग धरावी लागत नाही. आता निवृत्ती दोन महिन्यांवर आली होती, आणि कायम झाल्याशिवाय पेन्शन नाही, असा नियम होता.

त्याच आठवड्यात 'खंड' हा शब्द त्यांच्या टेबलावर आला. अर्थ लिहून बाईंनी खाली उदाहरण दिलं, 'तिच्या नोकरीत एका दिवसाचा खंड पडला.'

मुख्य संपादकांनी त्यावर लाल शाईने काट मारली. "अहो बाई, एका दिवसाला कुणी खंड म्हणतं का? उद्या उंबरठा ओलांडलात तर त्याला परदेशप्रवास म्हणाल!"

"साहेब, हे तेवढं सहीनिशी लिहून द्याल?"

"एकदा सोडून दहादा देतो!"

बाईंनी तो कागद कायम होण्याच्या अर्जाला जोडला. अर्जावर निर्णय साहेबांनीच द्यायचा होता.


साहेबांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि शब्दकोश दुरुस्त करायला घेतला: 'खंड'खाली बाईंचं काट मारलेलं उदाहरण पुन्हा लिहिलं.