अण्णांचा जॉइंट

लाइन थंड झाल्यावर बसवंतने पाना लावून जॉइंट सोडवला आणि तसाच थांबला. पाइपच्या आट्यांत पांढऱ्या टेपच्या चिंध्या होत्या, तापून तपकिरी पडलेल्या.

ही टेप घरातल्या नळाला ठीक. इथून दोनशे ऐंशी अंशांचं तेल दाबाने जातं. इथे काळी ग्रॅफाइट पेस्टच लागते. हे त्याला शिकवणारे भीमसेनअण्णा शेजारीच उभे होते. रविवारी हा जॉइंट त्यांनीच बसवला होता.

के. आर. पुरमच्या त्या फरसाण कारखान्यात कढया याच तेलावर तापत. सकाळी जॉइंट फुटला आणि चिळकांडी कढईवर तळणाऱ्या कावेरीच्या दंडावर आली. ती आता दवाखान्यात होती.

पुण्याहून आलेल्या मॅनेजर स्वानंदी मॅडमनी पाइपला अडकवलेला पत्र्याचा बिल्ला उलटून पाहिला. जॉइंट बसवणाऱ्याने त्यावर सही करायची असते.

"बसवंत, सही तुमची आहे."

होती खरी. रविवारी अण्णा म्हणाले होते, "चष्मा घरी ऱ्हायला बघ. तू घाल सही." त्याने घातली. आत काय लावलंय, हे विचारलंसुद्धा नाही. आईने वाढलेल्या ताटाला कोण विचारतं, मीठ घातलंस का म्हणून? निपाणीहून त्याला इथे आणलं ते अण्णांनीच.

आता अण्णा बोलतील, म्हणून बसवंतने त्यांच्याकडे पाहिलं.

अण्णांनी हात जोडले. "चुकलं, मॅडम. पोरगं हाय. गडबडीत टेप गुंडाळली असंल. मीच शिकवायला कमी पडलो."

मॅडमचा आवाज एकदम मऊ झाला. "अण्णा, तुम्ही कशाला स्वतःला ब्लेम करताय?" मग त्या बसवंतकडे वळल्या. "इतका चांगला माणूस शिकवायला मिळाला, त्याचं हे केलंत? गेटपास जमा करा. इन्क्वायरी होईपर्यंत आत यायचं नाही."

त्या गेल्या. बसवंतच्या अंगाची लाही लाही झाली. परक्याने केलं असतं तर तो भांडला असता. इथे घरच्या माणसाने केसाने गळा कापला होता, तोही हात जोडून.

"पेस्ट संपलेली रे," अण्णा खाली बघत म्हणाले. "म्हटलं, स्वल्प दिवस टेप धरंल. आठ महिन्यांत रिटायर व्हायचं मला. या वयात नाव घालवू काय?"

"मला नुसतं सांगायचं होतं, अण्णा," बसवंत कसाबसा म्हणाला. "मी आपणहून म्हटलो असतो, टेप मीच लावली म्हणून."

अण्णांनी त्याच्या हातातला पाना काढून घेतला आणि फडक्याने पुसला.

"मग तेच झालं की," ते म्हणाले.