मागे लागलेली पांढरी गाडी

या, जवळ सरका, आमच्या लुधियान्यातली गोष्ट सांगतो. गुरुद्वाऱ्यात क्रोधावरचं गोड कीर्तन ऐकून गुरबिंदर एकटाच घरी निघाला, तोच त्याच्यासारखीच एक पांढरी गाडी हॉर्न वाजवत मागे लागली. त्यानं वेग वाढवला, तिनंही वाढवला. हा नक्की भांडायला आलाय, म्हणून त्यानं सीटखालची सळई चाचपली, तर ती जागेवर नव्हतीच. मग मुठी आवळूनच तो उतरला.

"काय रे, रस्ता तुझ्या बापाचा का?"

समोरच्यानं हात जोडले आणि हळूच म्हणाला,


"वीरजी, गुरुद्वाऱ्यात गाड्या लावणाऱ्या सेवेकऱ्यानं आपल्या किल्ल्यांची अदलाबदल केली. ही घ्या तुमची गाडी. तुम्ही आणलेल्या माझ्या गाडीत मागे आमची बेबे, म्हातारी आई झोपलीय, तिला उठवू नका."


आजच्या अरदासीत, म्हणजे प्रार्थनेत, हात जोडणाऱ्या त्या माणसाची आठवण ठेवा.