गाईचा फॉर्म

महाल भागातल्या नत्थू विणकराच्या गुडघ्याच्या हाडात गाठ झाली. पाय मांडीपासून कापायचं ठरलं, कारण दवाखान्यात करवत होती. नवे डॉक्टर म्हणाले, गाठ खरवडून आतलं हाड द्रव नायट्रोजननं गोठवलं, तर पाय वाचेल. नायट्रोजन मात्र त्यांना १९८१च्या नागपुरात एकाच ठिकाणी सापडला: गाई भरवायच्या सरकारी केंद्रात. तिथं वळूचं वीर्य त्यात गोठवून ठेवत.

"माणसाले द्याचा नियम नाही, डॉक्टरसाहेब," तिथला बाबू म्हणाला. "गाईचा फॉर्म भरा."

डॉक्टरांनी भरला. नाव नत्थू, जात गावठी, रंग सावळा, वय तीस, आजवर वासरं एकही नाही. बाबूनं सगळे रकाने तपासले आणि समाधानानं सही केली. पाय वाचला.

वर्षभरानं पारशिवनीच्या एका पोरीच्या गुडघ्यात तशीच गाठ निघाली. या वेळी नायट्रोजनचा कॅन आणायला नत्थू स्वतः चालत गेला. बाबूनं जुना फॉर्म काढला.

"ह्या गाईले वासरू झालं काय गा?"

"ते गाय मीच होतो जी. वासरू नाही झालं, पण हा पाय पाहा. दोन्ही पायानं माग चालवून राहिलो."

बाबूनं पाय वाकून, निरखून पाहिला. मग फॉर्मवर शेरा मारला: 'जनावर भाकड. दवाखान्यास पुढील पुरवठा बंद.'

पोरीसाठी दवाखान्यात करवत होतीच.