दोनशे चाळीस भागिले दोन

"चुकलं!" वाल्मीकनानांनी टेबलावर हात आपटला. "परत गुणाकार केलास! शुभे, डोकं घरी ठेवून येतेस का?"

शुभांगीनं मान खाली घातली. दोघांच्या मध्ये घरातली जुनी इस्त्री ठेवलेली होती. व्होल्टेज दोनशे चाळीस, करंट दोन अँपिअर. नानांचा प्रश्न रोज एकच, या इस्त्रीचा रेझिस्टन्स किती? आणि लेकीचं उत्तरही रोज एकच, चारशे ऐंशी.

"चारशे ऐंशी ही पॉवर झाली गं, वॅटमध्ये." नाना इस्त्रीवर बोटानं टकटक करत म्हणाले. "गुणलं की पॉवर, भागलं की रेझिस्टन्स. दोनशे चाळीस भागिले दोन, एकशेवीस ओहम. शेंबडं पोर सांगेल! ऊठ, चहा टाक."

चहाची शिक्षा जुनी होती. नाना एकलहऱ्याच्या वीज केंद्रात टेस्टिंगला होते, तेव्हा त्यांच्या खोलीत रिवाजच होता. ज्याचं गणित चुकेल त्यानं सगळ्यांना चहा करून पाजायचा. नाना निवृत्त होऊन इंदिरानगरात राहायला आले, पण रिवाज काही सुटला नाही. त्यामुळे दिवाळीपासून या घरातला संध्याकाळचा चहा शुभांगीच करत होती.

कामावरून सुटली की ती थेट माहेरी यायची. गाडी कोपऱ्यावर सोडायची, गळ्यातलं कार्ड काढून पर्समध्ये टाकायची आणि मगच फाटक उघडायची. गणिताला बसली की कागदाकडे कमी आणि नानांच्या तोंडाकडे जास्त बघायची. ढ मुलं मास्तरांकडे बघतात ना, अगदी तशी.

नानांना मात्र तिची फार काळजी. शेजारच्या साधनावहिनी भिंतीपलीकडे कपडे वाळत घालत असल्या की त्यांना ऐकवायचे, "एकलहऱ्याच्या भरतीची परीक्षा तोंडावर आलीय आणि आमच्या पोरीला भागाकार येईना. सांगा आता!"

साधनावहिनी पदर तोंडाला लावून आत निघून जायच्या.

"हसतात लोक," नाना शुभांगीला म्हणायचे. "हसू दे. माझं आता काही खरं नाही बघ. तू एकदा एकलहऱ्याला चिकटलीस, स्वतःच्या पायावर उभी राहिलीस, की मी सुटलो. तोवर माझ्या जिवाला चैन नाही."

"करते ना अभ्यास, नाना."

"करतेस कुठं? चुकतेस!"

त्या गुरुवारी ती आली तेव्हा आई, लंकाबाई, दारातच उभी होती. तिनं शुभांगीला हळूच बाजूला घेतलं.

"आज लय गप हायेत गं. सकाळी कोथिंबीर आणायला गेले ते पार दुसऱ्याच गल्लीत जाऊन बसले. साधनाच्या मालकांनी घरी आणलं. आल्यावर ती इस्त्री उचलून देवघरात ठेवली." लंकाबाईंनी आत नजर टाकली. "आज राहू दे का तुमचं ते गणित?"

"नको, आई. राहू द्यायचं नाही."

शुभांगीनं देवघरातली इस्त्री आणून टेबलावर ठेवली आणि नानांसमोर बसली. लंकाबाई मेथीची जुडी घेऊन जवळच निवडायला बसल्या. नाना बराच वेळ इस्त्रीकडे बघत राहिले. शेवटी शुभांगीच म्हणाली, "नाना, विचारा ना."

"हं. व्होल्टेज दोनशे चाळीस. करंट..." नाना थांबले.

"दोन अँपिअर, नाना."

"दोन अँपिअर. तर रेझिस्टन्स किती?"

शुभांगीनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं. "चारशे ऐंशी."

टेबलावर हात आपटायची ती वाट बघत होती. नानांचं बोट इस्त्रीवरून हळूहळू फिरलं. मग त्यांचा चेहरा उजळला.

"बरोबर!"

शुभांगीनं इस्त्री त्यांच्याकडे थोडी सरकवली.

"शाब्बास गं माझी वाघीण! सुटलं बाई एकदाचं!" नानांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "अगं, ऐकलंस का? पोरगी पास होणार आता!"

लंकाबाईंच्या हातातली मेथी तशीच राहिली. त्यांना त्या गणितातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण चारशे ऐंशी म्हटलं की नाना ओरडतात, एवढं त्यांना ऐकून ऐकून पाठ झालं होतं.

"शुभे," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "आज हे ओरडले कसे नाहीत गं?"

शुभांगीचे डोळे भरून आले. तिनं नानांचा हात धरला. "नाना, परत एकदा विचारा ना. एकदाच."

"आता कशाला? आलं ना तुला." नानांनी प्रेमानं हात सोडवून घेतला. "बस तू. आज तुझं चुकलं नाही, चहा मी करणार. रिवाज म्हणजे रिवाज."

ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले, क्षणभर थांबले आणि उलटे वळून झोपायच्या खोलीत शिरले. लंकाबाई लगबगीनं त्यांच्या मागे गेल्या.

पर्समधला फोन केव्हाचा वाजत होता. शुभांगीनं डोळे पुसले आणि तो कानाला लावला.

"इंजिनिअर मॅडम, एकलहऱ्याहून दिनेश बोलतोय. टेस्टिंगचे सगळे आकडे पाठवलेत. तुम्ही तपासून बरोबर म्हणालात, की युनिट सुरू करतो."