झडतीची रांग

रांग निम्मी सरकली तेव्हा ढोल्याला आपल्या पट्ट्याचे हुक आठवले आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

दागिन्यांचा कारखाना तो. आत येताना कुणी हटकत नाही, बाहेर पडताना मात्र मालकाच्या सख्ख्या भाच्यालाही हात वर करावे लागतात. दारात सिक्युरिटीचे मामा उभे असतात. त्यांच्या हातातलं यंत्र अंगावरून फिरतं आणि धातू लागला की कोकलतं. ढोल्याच्या शर्टाखाली बरगड्यांपासून कंबरेखालपर्यंत ऑपरेशननंतरचा घट्ट पट्टा होता. त्याला पुढून लोखंडी हुकांची अख्खी ओळ.

बाकी सगळ्याचा विचार केला होता बिचाऱ्याने. पित्ताचा खडा काढला असं सांगायचं, हे बायकोने पढवलं होतं. सैल शर्ट घालायचा, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, पॉलिशच्या मशीनपाशी पाठीला उशी घेऊन बसायचं. सगळं जमलं. सुट्टीनंतर कामावरचा पहिला दिवस पार पडला. एवढा शहाणा माणूस, आणि नेमकं दार विसरला!

"काय ढोल्या, घाम कसला फुटलाय?"

मागे साखळीवाला होता. साखळ्या जोडायचा, शेजारच्याच टेबलावर. ढोल्याने अर्धपोटी राहून, पळून पळून, निम्मं वजन उतरवलं होतं; पण नाव काही वजनाबरोबर उतरत नाही. कातडीही उतरली नव्हती. रिकाम्या पिशवीसारखी पोटावरून लोंबायची. रोज या रांगेत साखळीवाला मागून दोन्ही हात घालून ती थापटायचा, तोंडाने ताल धरायचा, आणि सगळी रांग हसायची. ढोल्याही हसायचा. न हसून करतो काय?

आत्ताही ते हात येणार हे त्याला माहीत होतं. टाके निघाले होते, पण डावीकडे जखम अजून ओली होती. एक थाप बसली तर उकलेल, या भीतीने त्याने दोन्ही कोपरं पोटाशी आवळली.

"आजच्या दिवस थापटू नकोस रे."

"अरे बापरे, नवरी लाजली!"

रांग हसली. हात मात्र आले नाहीत. ढोल्याला तेवढ्यानेही रडू येईलसं वाटलं.

मामांच्या कानात सांगून केबिनमध्ये जाता आलं असतं. तिथे आडोसा होता. पण केबिनमध्ये नेलेला माणूस बाहेर कसाही येवो, रांगेच्या लेखी तो चोरच. मागे एका कारागिराला नेलं होतं. काही म्हणता काही सापडलं नाही, तरी तो जवळ आला की लोक ड्रॉवरला कुलूप घालायला लागले. शेवटी काम सोडून गेला. म्हणजे आत गेलं तर चोर, आणि इथे शर्ट उघडला तर उद्यापासून जन्मभराचा तमाशा. इकडे आड, तिकडे विहीर. रांग आपली सरकतच होती.

"हात वर," मामा म्हणाले.

हात खांद्यापर्यंत गेले, पुढे जाईनात. पोट ओढत होतं. यंत्र खाली आलं आणि कोकललं.

"काय आहे रे आत?"

"पट्टा आहे मामा. ऑपरेशनचा."

"मग दाखव की. कर नाही त्याला डर कशाला?"

म्हण म्हणणाऱ्याचं काय जातं! ज्याने काही केलेलं नसतं त्याचीच जास्त तंतरते.

"की आत येतोस?" मामांनी केबिनकडे मान केली.

"नको. इथेच."

आधी बटणं निघाली, मग एकेक हुक. पट्टा सैल झाला. कंबरेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाड, लाल शिवण होती. बेंबीभोवती आणखी एक, गोल. कडेला पिवळेजांभळे डाग, डावीकडे चिकटवलेला कापूस. लोंबती कातडी कुठे नव्हतीच.

मामांनी पट्टा हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिला. उघड्या पोटावरून यंत्र फिरवलं, जरा लांबूनच. ते गप्प राहिलं.

"घाल बाबा, घाल," मामा म्हणाले.

"खड्यासाठी एवढं फाडतात?" साखळीवाला मागून पुढे वाकला होता. "माझ्या बायकोचा काढला तेव्हा नुसती तीन भोकं पाडली."

ढोल्याला हुक लागेनात.

"अरे, मग झालं काय होतं तुला?" साखळीवाल्याचा आवाज एकदम खाली आला. "काही वाईटसाईट तर नाही ना?"

हो म्हटलं असतं तर सुटला असता. लोकांनी पाठीवरून हात फिरवला असता, चौकशी केली असती. ढोल्याचे ओठ हो म्हणायला उघडलेही. पण आता सगळं उघडंच पडलं होतं, आणि नवीन खोटं सांभाळायचं त्याच्या अंगात त्राण नव्हतं.

"काही झालं नव्हतं," तो म्हणाला. "तू रोज वाजवायचास ना, ते काढून टाकलं."

कुणी हसलं नाही.

"चला, पुढचा," मामा म्हणाले.

साखळीवाला पुढे झाला. त्याने हात वर केले. यंत्र खांद्यापासून पायापर्यंत गेलं, परत वर आलं, कुठेही वाजलं नाही.

"झालं तुझं. जा."

तो गेला नाही. रोज थापटणारे त्याचे हात तसेच वर होते.