झाकणाचा डबा

पाहुण्यांच्या नजरेस पडू नये म्हणून शिंप्याच्या बायकोनं मांजराच्या शी-शूसाठी वाळूचा झाकणाचा डबा निवडला. पण लपवायचा कुठे? शेवटी शिंप्यानं वारलेल्या लेकीची बंद खोली उघडली आणि डबा पलंगामागे सरकवला. लेक गेल्यापासून बायकोनं तिथं पाऊल टाकलं नव्हतं. आता वाळू साफ करायच्या निमित्तानं ती रोज आत जाऊ लागली. मग खिडकीही उघडू लागली.

म्हातारं मांजर मेलं, डबा आतच राहिला आणि खोलीचं दार पुन्हा लागलं.

एका सकाळी शिंपी म्हणाला, "आत खुडबुड ऐकू आली. बघ जरा."

ती धावतच बाहेर आली. "अहो, वाळू उकरलीय! मांजर तर गेलं. आपली पोरगी तर येत नसेल ना?"

"येत असेल," म्हणत तो नखांतली वाळू धुवायला मोरीकडे वळला.